नैराश्याचा क्लेम भरताना

अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या दीर्घकालीन अपंगत्व विम्याचे फॉर्म मी ओळखीपाळखीच्यांना भरून देते. सुरुवातीलाच सांगते: माहितीपत्रक बाजूला ठेवा, एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागवा. त्यात मानसिक आजारांचं कलम शोधा. नैराश्य, चिंताविकार यांसाठी बऱ्याच ग्रुप पॉलिसी २४ महिनेच पैसे देतात. ही मर्यादा मानसिक आजारांपुरती असते, म्हणून शारीरिक आजारानेही काम अडत असेल, तर तो वेगळा नोंदवा.

‘रुग्णाला नैराश्य आहे’ एवढंच डॉक्टरांचं पत्र कुचकामी. काय जमत नाही ते त्यात हवं: तासभर सलग लक्ष लागत नाही, औषधाने दुपारपर्यंत गुंगी असते, मीटिंगमध्ये छाती धडधडून उठावं लागतं. आपली माणसं डॉक्टरांपुढेही भिडेखातर ‘बरं आहे’ म्हणतात. तेच नोंदीत उतरतं आणि विमा कंपनी नेमकं तेच उचलते. वाईट दिवसांबद्दल मोकळेपणी बोला.

नकार आलाच, तर एरिसा (नोकरीतून मिळणाऱ्या लाभांचा अमेरिकी केंद्रीय कायदा) याखाली विमा कंपनीकडे अपिलाला १८० दिवस मिळतात. क्लेम फाइल, म्हणजे तुमच्या क्लेमची कंपनीकडची सगळी कागदपत्रं, मागवा; कंपनीला ती फुकट द्यावी लागते. सगळा पुरावा अपिलातच जोडा. पुढे कोर्ट सहसा त्या फाइलपलीकडचं बघत नाही.