कोडिंग एजंटकडून सॉफ्टवेअरचं काम टप्प्याटप्प्याने कसं करून घ्यावं

गोव्यात पाळोळ्याला सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे असं धरू. बुकिंगचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि लिहिणारा आता बंगळूरला असतो. २६ डिसेंबरला सकाळी एक गिऱ्हाईक खोली सोडणार आहे, दुपारी दुसऱ्याला यायचंय आणि प्रोग्रॅम मात्र 'खोली रिकामी नाही' म्हणून बुकिंग नाकारतोय. ऐन हंगामात एक रात्र वाया. असलं काम क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय अशा एआय एजंटकडून छान होतं. एजंट तुमच्या फोल्डरमधल्या फाइली स्वतः वाचतो, बदलतो, टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कमांड चालवतो आणि आलेली एरर बघून पुन्हा दुरुस्ती करतो. एवढी मोकळीक द्यायची तर आधी थोडी तयारी हवीच.

आधीची तयारी

गिट म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारा प्रोग्रॅम. फोल्डर गिटमध्ये नसेल तर 'गिट इनिट' (git init) करून पहिला कमिट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, करा. एजंटने गोंधळ घातलाच तर लगेच मागे येता येतं. डेटाबेस, म्हणजे बुकिंगच्या नोंदींचा साठा, मात्र बहुधा गिटमध्ये नसतो. त्याची प्रत वेगळी काढून ठेवा आणि खरा डेटाबेस एजंटला दाखवूच नका. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते (पूर्वीचा 'सी फॉर्म'), त्यामुळे गोव्यातल्या लहानशा गेस्ट हाऊसकडेही पासपोर्ट आणि व्हिसाचे नंबर साठलेले असतात. एजंट जी फाइल वाचतो तिचा मजकूर त्याच्यामागचं एआय मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. खोटी नावं आणि खोटे नंबर घालून वीस-पंचवीस बुकिंगांचा वेगळा डेटाबेस करा, चाचणीला तेवढा पुरतो.

पासवर्ड असलेली फाइल 'गिटइग्नोर'मध्ये (गिटने टाळायच्या फाइलींच्या यादीत) घातली की झालं, असं बरेच जण समजतात. गिट ती टाळतं, एजंट टाळेलच असं नाही. एजंटच्या परवानग्यांमध्ये तिचं वाचन बंद करा. त्याहून बरं म्हणजे ती त्या फोल्डरात ठेवूच नका.

मग सूचनांची फाइल लिहा. क्लॉड कोड 'क्लॉड.एमडी' (CLAUDE.md) वाचतो, कोडेक्स 'एजंट्स.एमडी' (AGENTS.md). प्रोग्रॅम कसा चालवायचा, चाचण्या (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) कोणत्या कमांडने चालतात, कोणत्या फाइलींना हात लावायचा नाही, एवढंच त्यात हवं. तीस-चाळीस ओळी पुरे. ही फाइल प्रत्येक सत्रात वाचली जाते आणि ती लांबली की महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते.

आधी वाच, मग सांग

'बुकिंग नीट कर' एवढंच सांगितलं तर एजंट त्याला नीट वाटेल ते करील. असं सांगा: 'एक बुकिंग २६ तारखेला संपतं, त्याच खोलीचं दुसरं २६ला सुरू होतं. दुसरं नाकारलं जातं, ते स्वीकारलं गेलं पाहिजे. कारण शोध, कोणत्या फाइलीत काय बदलशील ते सांग. अजून काही बदलू नकोस.' क्लॉड कोडमध्ये शिफ्ट-टॅब दाबत गेलं की आराखड्याचा मोड येतो, त्यात तो फाइली बदलत नाही. सूचना मराठीत चालतात. एररचा मजकूर आणि कॉलमची नावं मात्र जशीच्या तशी चिकटवा, त्यांचं भाषांतर करू नका.

चाचणी आधी, दुरुस्ती नंतर

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. एकाच खोलीची दोन बुकिंग एकमेकांवर कधी येतात? पहिल्याचं आगमन दुसऱ्याच्या निर्गमनाच्या आधी असेल आणि दुसऱ्याचं आगमन पहिल्याच्या निर्गमनाच्या आधी असेल, तेव्हाच. दोन्हीकडे 'पेक्षा लहान' हवं. 'लहान किंवा समान' लिहिलं गेलं की २६ला सुटणारी आणि २६ला भरणारी खोली भिडते. आपला दोष बहुधा इथेच सापडेल.

एजंटला आधी चारच चाचण्या लिहायला सांगा: पाठोपाठची बुकिंग चालावीत, एका रात्रीची टक्कर नाकारावी, एक बुकिंग दुसऱ्याच्या पोटात असेल तर नाकारावं, वेगळ्या खोलीचं त्याच तारखांना चालावं. दुरुस्तीआधी त्या चालवा. पहिली चाचणी नापास झालीच पाहिजे. ती आत्ताच पास होत असेल तर ती भलतंच तपासतेय. नापास झालेली बघून चाचण्या कमिट करा आणि मग सांगा: 'चाचणीच्या फाइलीला हात न लावता कोड दुरुस्त कर.' ही अट घालावी लागते, कारण अडलेला एजंट कधीकधी चाचणीच सोपी करतो किंवा एरर गिळून टाकतो, आणि वर 'काम पूर्ण' असं लिहितो. त्याच्या शब्दावर जाऊ नका. चाचण्या स्वतः चालवा, मग 'गिट डिफ' (git diff), म्हणजे नेमकं काय बदललं त्याची यादी, वाचा. इथे दोन चिन्हांचा बदल अपेक्षित आहे. नऊ फाइलींत दोनशे ओळी बदललेल्या दिसल्या तर मागे या आणि काम आणखी लहान करून द्या. ठीक असेल तर लगेच कमिट. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा याचा आणखी उपयोग होतो.

कुठे फसतं

एजंट कमांड चालवायची परवानगी विचारतो तेव्हा डोळे झाकून 'हो' म्हणू नका. फाइल पुसणारी, सर्व्हरवर पाठवणारी आणि नवं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बसवणारी, या तीन जातींच्या कमांड थांबून वाचाव्यात. मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतं, आणि तेच नाव कुणीतरी दुष्ट हेतूने नोंदवून ठेवलेलं असू शकतं.

मॉडेलचं ज्ञान एका तारखेपर्यंतचं असतं. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एजंटने आठवणीतून १२ लिहिला तर कोड बिनतक्रार चालेल आणि प्रत्येक बिल चुकेल. दर कोडमध्ये न लिहिता 'या तारखेपासून हा दर' अशा तक्त्यात ठेवायला सांगा, म्हणजे जुनी बिलं जुन्या दराचीच राहतात. आगाऊ रक्कम आधी घेतली आणि मुक्काम नंतर झाला तर कोणता दर, हे सीएला विचारा, एजंटला ठरवू देऊ नका.

तारखेचा आणखी एक सापळा. सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपली वेळ साडेपाच तास पुढे. मोप्याच्या किंवा दाबोळीच्या विमानतळावर रात्री उतरलेलं गिऱ्हाईक दोन वाजता दारात आलं तर त्याची नोंद आदल्या दिवसाची होते. मग भाड्याच्या रात्री चुकतात आणि परदेशी पाहुण्याची सरकारला कळवलेली तारीखही. रात्री दोनच्या आगमनाची चाचणी वेगळी लिहून घ्या.

सत्र लांबलं की एजंट आधीचं बोलणं आटोपशीर करतो आणि त्यात अटी गळतात. एक काम संपलं की नवं सत्र. एकच चूक दोनदा झाली तर वाद घालत बसू नका. सत्र पुसा आणि कळलेलं घालून सूचना नव्याने लिहा.

प्रत्यक्षात आणताना

नवा कोड आधी खऱ्या डेटाबेसच्या प्रतीवर, एजंट बंद ठेवून, स्वतः चालवा. पुढच्या तारखांची सगळी बुकिंग एकमेकांशी ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट एजंटकडून आधीच लिहून घेतलेली असावी. एकाच खोलीवर दोन बुकिंग निघालीच तर त्या गिऱ्हाइकांना फोन माणसाने करायचा. नोंदी रद्द करण्याची सोय त्या स्क्रिप्टमध्ये ठेवू नका, तिने फक्त यादी छापावी.