नैतिकतेचा तास हँगर रॉडपासून सुरू करा

तिसऱ्या वर्षाच्या सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलांसमोर फळ्यावर ‘सचोटी’ लिहिलं की शेवटच्या बाकावर मोबाइल निघतात. त्यापेक्षा गणित घाला. दोन तास सलग मागून घ्या.

फळ्यावर छताला हँगर रॉडने, म्हणजे उभ्या सळयांनी, लोंबकळणारे दोन वॉकवे (पायी जायचे पूल) काढा, एकाखाली एक. मूळ आराखड्यात दोन्ही एकाच अखंड रॉडवर. फॅब्रिकेटर, म्हणजे पोलादी भाग बनवून देणारा, म्हणतो, एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणं परवडत नाही. छतापासून वरच्या वॉकवेपर्यंत एक रॉड, तिथून खाली दुसरा. प्रत्येक वॉकवेचा भार P. वरच्या वॉकवेचा बीम ज्या नटावर टेकतो, त्यावर आता किती?

बरीच मुलं ‘काही फरक नाही’ म्हणतील, कारण छतावरचा भार दोन्ही वेळा 2P. नटावर मात्र आधी P होता, आता 2P. पटत नसेल तर दोन-दोन किलोच्या दोन पिशव्या, दोरी आणि ताणकाटा आणा. वरची पिशवी दोरीला काट्याने अडकवा. खालची त्याच दोरीच्या टोकाला बांधली तर काटा 2 दाखवेल. वरच्या पिशवीला बांधली तर 4.

हे एका हॉटेलात खरंच घडलं, पण त्याचं नाव इतक्यात घेऊ नका. शेवट कळला की प्रत्येक जण शहाणा होतो.

आता चार-चारचे गट करा: फॅब्रिकेटर, डिझाइन कंपनीतला ज्युनिअर, ड्रॉइंग मंजूर करून शिक्का मारणारा इंजिनिअर, मालकाचा माणूस. दोन रॉडचं बदललेलं ड्रॉइंग आजच परत पाठवायचंय. वीस मिनिटं. मालकाच्या माणसाला खलनायक करू नका, उशिराचा खरा खर्च त्याच्या हातात द्या. नाहीतर नाही म्हणणं फुकट होतं. दहाव्या मिनिटाला चिठ्ठी फिरवा: ‘बांधकाम चालू असतानाच छताचा एक भाग कोसळला.’ सांधे पुन्हा तपासायला कोण सांगतो, ते पाहा. नेतृत्व इथे दिसतं, आणि बहुधा ज्युनिअरकडून.

मग सांगा: अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल, 17 जुलै 1981, वॉकवे कोसळले, 114 मृत्यू. छताचा भाग 1979 मध्येच पडला होता. बदललेल्या ड्रॉइंगवर डिझाइन कंपनीचा शिक्का होता. फॅब्रिकेटर म्हणाला, फोनवर परवानगी घेतली. कंपनीने ते नाकारलं. दोन इंजिनिअरांचे मिझुरीतले परवाने गेले. मूळ सांधासुद्धा नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण 60 टक्केच होता, हे आवर्जून सांगा. नाहीतर सगळा दोष फॅब्रिकेटरवर ढकलून मुलं मोकळी होतात.

गुण मतांना देऊ नका. ज्युनिअरने साहेबांना लिहायची पाच ओळींची चिठ्ठी मागा: कोणता सांधा, भार किती, काय थांबवायचं, उत्तर कोणी आणि कधीपर्यंत द्यायचं. दहापैकी चार गुण आकड्याला. ‘सुरक्षिततेचा विचार व्हावा’ एवढंच असेल तर शून्य.