अनेक स्रोतांचे शोधनिकाल एका यादीत आणण्यापूर्वीची तयारी

मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात शोधाचे निकाल एकाच ठिकाणाहून येतात असे नाही. स्वतःच्या गोदामातील साठा, वितरकांच्या याद्या आणि पैसे भरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती यांतून ते गोळा होतात. त्यांची क्रमवारी कशी लावायची हा प्रश्न नंतरचा असून, वेगवेगळ्या याद्यांतले तेच पुस्तक तेच म्हणून ओळखता येते का, हे सर्वांत आधी तपासावे. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला, म्हणून जुन्या दहा अंकी क्रमांकांचा शेवटचा तपासअंक (क्रमांक बरोबर आहे की नाही हे पडताळणारा अंक) काढून, पुढे ९७८ लावून आणि नवा तपासअंक मोजून सगळे एका रूपात आणावेत. ज्या जुन्या पुस्तकांवर हा क्रमांकच नाही, त्यांच्यासाठी शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

हे ताडून पाहणे मराठीत दिसते तेवढे सरळ नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही नोंदींत नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहिलेला असतो, तर काहींत साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून; ‘ॲ’ हे अक्षरही कुठे एकच चिन्ह असते, तर कुठे ‘अ’ला वेगळा चंद्र जोडलेला असतो. डोळ्यांना फरक कळत नाही आणि एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणारे युनिकोड या अक्षरसंकेताचे एनएफसी प्रमाणीकरणही या जोड्या एक करत नाही, त्यामुळे त्यांचे नियम स्वतः लिहून ते साठवलेल्या नोंदींना आणि ग्राहकाने टाइप केलेल्या शब्दांना सारखेच लावावेत.

याद्या एकत्र करताना, प्रत्येक शोधपद्धत निकालांना जे गुण देते त्यांची थेट बेरीज करू नये, कारण शब्द जुळवणाऱ्या बीएम२५ पद्धतीच्या गुणांना वरची मर्यादा नसते, तर अर्थसाम्य मोजणारा कोसाइन उणे एक ते एक यांतच राहतो. २००९ मध्ये मांडलेली आरआरएफ (रेसिप्रोकल रँक फ्यूजन) ही याद्या एकत्र करण्याची पद्धत गुण सोडून केवळ पुस्तकाचा यादीतील क्रमांक पाहते आणि प्रत्येक यादीतील क्रमांकात ६० मिळवून त्याच्या व्यस्तांची बेरीज करते. त्यामुळे दोन याद्यांत तिसरे असलेले पुस्तक एकाच यादीत पहिल्या आलेल्या पुस्तकाच्या वर जाते. एकाच साठ्यावर चालवलेल्या दोन शोधपद्धतींसाठी हे योग्यच आहे. दोन वितरकांच्या याद्यांना मात्र ते लावू नये, कारण पुस्तक दोघांकडे असणे म्हणजे ते ग्राहकाला अधिक हवे असणे नव्हे.

जाहिराती या बेरजेत मिसळू नयेत. त्यांच्या जागा वेगळ्या ठरवून त्यांवर स्पष्ट ‘प्रायोजित’ लिहावे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत छुप्या जाहिरातीची गणना डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीत, केलेली आहे.

पानावर वीस निकाल असतील, तर तिसऱ्या पानासाठी प्रत्येक स्रोताकडून किमान पहिले साठ मागवावे लागतात, आणि गाळणीतील (लेखक, प्रकाशक अशा निवडींपुढे दिसणारे) पुस्तकांचे आकडे दुहेरी नोंदी एक केल्यावरच मोजावेत. एखाद्या वितरकाचा सर्व्हर किती वेळात उत्तर न दिल्यास त्याला वगळायचे, हेही आधीच ठरवावे; पहिल्या पानाला वगळलेला स्रोत त्याच शोधाच्या पुढच्या पानांवर घेऊ नये, अन्यथा मधली काही पुस्तके ग्राहकाला दोनदा दिसतील आणि काही मुळीच दिसणार नाहीत.