कारच्या चावीचं कव्हर तुटलं तर अख्खी चावी बदलू नका

रिमोट चावी कडीपाशी किंवा पात्याच्या मुळाशी तुटली, की शोरूममध्ये थेट नव्या चावीचा खर्च सांगतात. बटणं चालत असतील तर नुसतं रिकामं कव्हर पुरतं. सोलापुरात ते चावीवाल्याकडे किंवा कार ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारा, ऑनलाइनही मिळतं.

१. जुनी चावी सोबत न्या. बटणं आणि पात्याची खाच जुळली पाहिजे.
२. ताटात धरून पातळ स्क्रूड्रायव्हरनं शिवण उकला, म्हणजे बारीक भाग हरवत नाहीत. आधी फोटो काढा.
३. सर्किट आणि बॅटरी नव्या कव्हरात बसवा.
४. जुनं पातंच वापरा. घडीच्या चावीत ते बारीक पिनेवर असतं. पिन निघत नसेल तर चावीवाल्याकडूनच काढून घ्या. जोर लावून पातं वाकलं तर खर्च वाढतो.

सगळ्यात महत्त्वाचं: अनेक चाव्यांत इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चिमुकली चिप जुन्या कव्हरातच चिकटलेली असते. ती राहिली तर दारं उघडतील, पण इंजिन सुरू होणार नाही. म्हणून गाडी सुरू होईपर्यंत जुनं कव्हर टाकू नका.

आणि एप्रिल-मेच्या उन्हात चावी डॅशबोर्डवर ठेवू नका, प्लास्टिक लवकर ठिसूळ होतं.