ख्रिस्ती अद्भुत कादंबरीत फसवणुकीचा प्रसंग कसा रचावा

ख्रिस्ती विश्वासावर उभी असलेली अद्भुत कादंबरी लिहू पाहणारे अनेक जण नकाशे, राजघराणी आणि युद्धे रचण्यात महिनोन्महिने घालवतात आणि फसवणारे पात्र मात्र घाईत उरकतात. काळा झगा आणि क्रूर हास्य पाहताच ज्याची ओळख पटते अशा पात्राला नायक भुलला, तर वाचकाला त्याच्या विश्वासाची काळजी वाटत नाही, त्याच्या बुद्धीची कीव येते. पवित्र शास्त्रातला फसवणारा असा नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात प्रेषित पौल बजावतो की सैतान स्वतः तेजस्वी देवदूताचे सोंग घेतो.

म्हणून आरंभ खोट्यापासून न करता खऱ्यापासून करावा. आपल्या कथेतील राजाने किंवा निर्मात्याने नायकाला दिलेले वचन अथवा आज्ञा आधी नेमक्या शब्दांत लिहून काढावी, आणि मग त्यातला एखादाच शब्द हलवून, गाळून किंवा वाढवून खोटे तयार करावे. याचा सर्वोत्तम धडा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या अध्यायातील आज्ञा बागेतल्या सगळ्या झाडांची फळे खाण्याची मोकळीक देते आणि एकाच झाडाला मनाई करते. तिसऱ्या अध्यायात सर्प केवळ एवढेच विचारतो की, कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देवाने सांगितले आहे काय. या एका प्रश्नाने देवाचे औदार्य दृष्टिआड होते आणि मनाईच डोळ्यांसमोर उरते. स्त्री त्याची चूक दुरुस्त करते खरी, पण त्या फळाला स्पर्शही करू नये, ही भर ती स्वतःच घालते. पुढे फळ खाल्ल्यावर सर्पाने सांगितल्याप्रमाणे तिचे व तिच्या पतीचे डोळे उघडतातही, मात्र त्यांना प्रथम दिसते ती स्वतःची नग्नता. कथेतले खोटे असे अक्षरशः खरे ठरून उद्ध्वस्त करणारे असेल, तर त्याचा परिणाम कोणत्याही राक्षसापेक्षा खोलवर होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूला मोहात पाडणारा सैतान तर शास्त्रवचनच पुढे करतो. तो ९१व्या स्तोत्रातील देवदूतांच्या रक्षणाचे वचन उद्धृत करतो आणि त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द वगळतो. येशू त्याला चमत्काराने नव्हे, तर जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनाने उत्तर देतो. आपल्या नायकाचा विजयही मंत्राने किंवा तलवारीने होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याला मिळालेले वचन त्याने संपूर्ण आठवावे, आणि ते वाचकाने कित्येक प्रकरणे आधी वाचलेले असावे. जॉन बनियन यांच्या १६७८ सालच्या ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेत मेंढपाळांनी यात्रेकरूंना खुशामत करणाऱ्यापासून सावध राहण्यास सांगितलेले असते आणि वाटेची टिपणही दिलेली असते, तरी ती न वाचता ते शुभ्र वस्त्रातल्या माणसामागे जातात व जाळ्यात सापडतात. इशारा असा आधीच दिलेला असला, म्हणजे लेखकाने आपल्याला फसवले असे वाचकाला वाटत नाही.

सर्वांत कठीण भाग पुढे आहे. फसवणाराही विश्वासच मागत असतो, त्यामुळे श्रद्धा आणि भोळेपणा यांतला भेद कृतीतून दिसला पाहिजे. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आत्म्यांची परीक्षा करण्यास सांगतो. म्हणून खऱ्या राजाला नायकाच्या शंका सोसवाव्यात आणि खोट्याने प्रश्न, उजेड व सवड या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. सी. एस. लुईस यांच्या १९५६ सालच्या ‘द लास्ट बॅटल’ या कादंबरीत एक वानर गाढवाला सिंहाचे कातडे पांघरवून, तोच त्या कथेतला खरा राजा, अस्लान नावाचा सिंह, असे भासवत त्याला रात्री, शेकोटीच्या अपुऱ्या प्रकाशात, लोकांना दाखवते. सोंग उघडे पडल्यावर तेथील बुटके खऱ्या सिंहावरही विश्वास ठेवायला नकार देतात. फसवणुकीची खरी हानी हीच आहे, आणि ती दाखवल्याशिवाय सत्य उघड होण्याचा प्रसंग पूर्ण होत नाही.

फसलेल्या पात्राच्या परतण्यालाही पुरेशी पाने द्यावीत. एका वाक्यात क्षमा देऊन त्याला पुन्हा सैन्यात उभे करणे म्हणजे कृपेलाच स्वस्त करणे होय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशू तीनदा विचारतो की तू माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्या हाती सोपवतो. आपल्या पात्रालाही त्याने जेथे वचन मोडले त्याच ठिकाणी प्रश्न विचारला जावा, त्याचे उत्तर त्याला जड जावे, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी त्याच्यावर सोपवली जावी.