हप्ते थकलेत? आधी पाकिटं उघडा
अमेरिकेत घराचे हप्ते थकले, तर कर्ज कंपनीची पत्रं न उघडता ठेवू नका. थकबाकी १२० दिवसांपलीकडे जाईपर्यंत सहसा फोरक्लोजर, म्हणजे घर ताब्यात घेऊन लिलावात विकण्याची कारवाई, सुरू करता येत नाही. तेवढ्यात लोन मॉडिफिकेशनचा, म्हणजे हप्ता परवडावा म्हणून कर्जाच्या अटी बदलून घेण्याचा अर्ज द्या, सगळ्या कागदांसह. लिलावाला ३७ दिवसांहून जास्त अवधी असताना पूर्ण अर्ज पोचला, तर निर्णय होईपर्यंत लिलाव सहसा होत नाही. अर्धवट अर्जाला हे संरक्षण नाही; लोक नेमके इथेच अडकतात. दिवाळखोरीच्या वाटेने घर राखायचं असेल तर वकिलाला चॅप्टर १३ विचारा, म्हणजे दिवाळखोरी कायद्यातला, ठरलेल्या योजनेने देणी फेडण्याचा मार्ग. थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडता येते, मात्र चालू हप्ताही भरावा लागतो. चॅप्टर ७ ने, म्हणजे मालमत्ता विकून देणी मिटवण्याच्या दिवाळखोरीने, लिलाव बहुधा फक्त लांबतो. आणि ‘घर वाचवतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला कृपा करून एक डॉलरही देऊ नका. सरकारमान्य हाउसिंग काउन्सेलर हीच मदत मोफत करतात.