बाय की अनटिल? 'पर्यंत' म्हणायचंय तेव्हा कुठला शब्द घ्यायचा

मराठीत 'शुक्रवारपर्यंत' म्हटलं की भागतं, मग शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्यायचा असो नाहीतर शुक्रवारपर्यंत सुट्टीवर असायचं असो. इंग्रजीत मात्र तिथे दोन वाटा फुटतात, बाय आणि अनटिल.

सोपी टेस्ट सांगतो. तुमच्या वाक्यातल्या 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' टाकून बघा. शुक्रवारच्या आत रिपोर्ट देतो, बरोबर वाटतं ना? मग बाय. 'शुक्रवारच्या आत सुट्टीवर आहे' हे कानाला खटकतं, कारण सुट्टी तोवर चालूच राहणार आहे, म्हणून तिथे अनटिल. थोडक्यात, एकदा करून मोकळं व्हायचं काम (सेंड, सबमिट, फिनिश, पे) असेल तर बाय आणि चालू राहणारी गोष्ट (वेट, स्टे, स्लीप) असेल तर अनटिल. 'आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे' लिहिलंत तर अर्थ होतो की शुक्रवार उजाडेपर्यंत तुम्ही तोच रिपोर्ट पाठवतच बसणार!

काही ठिकाणी दोन्ही चालतात पण अर्थ पार उलटा होतो. 'आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह' म्हणजे पाचच्या आत पोचतो, आणि 'अनटिल फाइव्ह' म्हणजे पाचला निघणार. मीटिंग ठरवताना हे चुकलं की एकजण येतोय तोवर दुसरा गेलेला असतो.

खरी गंमत नकारात आहे. 'तो नऊपर्यंत आला नाही' हे इंग्रजीत कसं म्हणाल? 'ही डिडन्ट कम अनटिल नाइन' म्हटलं तर ऐकणारा समजतो की तो नऊला आला, उशिरा का होईना पण आला. 'ही हॅडन्ट कम बाय नाइन' म्हटलं तर नऊ वाजले तरी पत्ता नव्हता, पुढे आला की नाही ते काहीच सांगितलेलं नाही. आपलं मराठी वाक्य दोन्हीकडे चालतं, म्हणून आधी नक्की काय झालं होतं ते मनात पक्कं करा आणि मगच शब्द निवडा.

आणि ते 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब', त्यातला 'नाही' इंग्रजीत न्यायचा नाही. 'वेट अनटिल ही डझन्ट कम' चूक, 'वेट अनटिल ही कम्स' बरोबर. तिथे 'विल कम' पण नको. (ही चूक चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडात बसलेली असते.)

टिल म्हणजे अनटिलच, फक्त जरा बोलण्यातला. तो अनटिलचा शॉर्टफॉर्म आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण टिल हाच जुना शब्द आहे, अनटिल नंतरचा. स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल, अनटिलला एकच.

'बाय फ्रायडे'त शुक्रवार सहसा धरलेला असतो. 'अनटिल फ्रायडे'त मात्र शुक्रवार धरायचा की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून सुट्टीच्या मेलमध्ये सरळ 'आय विल बी बॅक ऑन मंडे' लिहा. आणि जागेसाठी, म्हणजे 'पुलापर्यंत चालत गेलो' वगैरे, यातला एकही नको, तिथे 'ॲज फार ॲज' घ्यायचं.